बाबल्या पेंटरने काढलेलं आभाळ

मी संशयी बाई आहे, हे मीच आधी सांगून टाकते. मागाहून दुसऱ्या कोणी सांगायला नको. दूधवाल्याचं माप, डॉक्टरची गोळी, पाहुण्याची गोड वाणी, सगळं मी दोनदा तपासून घेते. आमचे हे म्हणायचे, "गोदा, तू देवीचा प्रसादसुद्धा हुंगून खाशील." खाईन! त्यात काय वाईट आहे?

तेव्हा बाबल्या पेंटर आमच्या जांभुळकोंडात आला आणि पहिला संशय मला आला, यात नवल काही नाही. नवल पुढे आहे.

त्याचं असं झालं, आमच्या नमन मंडळाचा, म्हणजे गावच्या खेळवाल्यांचा, जंगलाचा पडदा फाटला. नमनातल्या वगाला पडदे लागतात. दरबाराचा एक, रस्त्याचा एक आणि जंगलाचा एक. राजा वाट चुकतो तो जंगलात, राणी रडते ती जंगलात आणि राक्षस येतो तोही जंगलातूनच. जंगल फाटलं की खेळ बसला. जुना पडदा कुठल्या दुकानातून आणलेला देव जाणे, त्यात धबधबा होता, हंस होते आणि मागे बर्फाचा डोंगर. रत्नागिरी जिल्ह्यात बर्फ! पण वर्षानुवर्षं आम्ही तो बघितला, कोणाला काही वाटलं नाही.

मंडळाचं सगळं बघतो माझा पुतण्या नितेश. तो म्हणाला, "काकी, मांडवीला एक पेंटर आहे, हाताने काढतो. तुमच्या पडवीत राहील थोडे दिवस. जेवणाचं बघाल ना?"

"बघीन. पण माणूस कसा आहे?"

"चांगला आहे."

"चांगला आहे म्हणजे नक्की काय आहे?" मी विचारलं, पण नितेश तोवर मोटारसायकलला किक मारून गेलासुद्धा.

मार्गशीर्षात बाबल्या आला. लुकडा, पांढरी खुरटी दाढी, नखांत रंग रुतलेला, कानावर ब्रश. बरोबर एक पत्र्याची ट्रंक आणि मांजरपाटाचा तागा. बाप बोटीवर खलाशी होता, तो समुद्रातून परत आला नाही. शाळा सुटली आणि हा मांडवीच्या एका बोर्डवाल्याच्या हाताखाली लागला. पुढे खेडपासून राजापूरपर्यंत भिंती रंगवल्या. चहा, विड्या, खतं, साबण, काय म्हणाल त्याची जाहिरात. मग फ्लेक्स आला आणि ह्याचा धंदा झोपला. उरल्या होड्या. नारळी पौर्णिमेच्या आधी हर्णेला जायचं आणि होड्यांवर नावं काढायची. लग्न झालं नाही. का नाही म्हणून मी विचारलं, तर म्हणतो, "वैनी, मुलगी बघायला गेलो, तिच्या बापाने विचारलं पोरगी कशी वाटली. मी खरं ते सांगितलं."

मेल्याची खोड तीच होती. हर्णेला एका तांडेलाने घराच्या भिंतीवर आपल्या होडीचं मोठं चित्र काढून घेतलं. ह्याने होडी काढली, डोलकाठी काढली, बावटा काढला आणि कडेच्या फळीला मारलेलं ठिगळपण काढलं. तांडेल भडकला. म्हणाला, "ठिगळ कशाला काढलंस रे?" हा म्हणाला, "आहे म्हणून." पैसे बुडाले, पण ठिगळ पुसलं नाही. मला ही गोष्ट त्याने पहिल्याच दिवशी भात कालवताना सांगितली. मला वाटलं, किती साळसूद माणूस आहे! जो आपण होऊन आपला खरेपणा सांगतो, त्याच्यापासून घरातली भांडी जपावी.

दुसऱ्या दिवशी तो पडवीत बसून चित्र काढील असं मला वाटलेलं. तर हा उठला आणि राईसमोर जाऊन बसला.

आता राई म्हणजे काय ते सांगते. वाघजाय देवीचं रान. देवळामागे सुरू होतं आणि डोंगराच्या कुशीत जाऊन थांबतं. तिथलं सुकं पानसुद्धा घरी आणायचं नाही. आम्ही सहाणेपर्यंत जायचं, म्हणजे पालखी टेकवायचा जो चौथरा आहे तिथवर. हात जोडायचे, डोळे मिटायचे, गाऱ्हाणं घालायचं आणि परत फिरायचं. आत पाऊल टाकायचं ते फक्त पाळीवाल्याने, म्हणजे ज्याच्याकडे देवीच्या पूजेचा मान त्याने. ती पाळी आमच्या घराकडे, म्हणजे आमच्या ह्यांच्याकडे. गाव त्यांना विठूदादा म्हणतं. ह्यांनी कधी मुंगीला दुखवलं नाही, कधी कोणाला उलट बोलले नाहीत. माझ्या तोंडासमोर तर नाहीच नाही.

आणि त्या साली राईवर डोळा होता. मुंबई मंडळाला, म्हणजे तिकडे नोकरीला गेलेल्या आमच्याच लोकांना, देऊळ नवीन बांधायचं होतं, सिमेंटचं, वर शिखर, खाली संगमरवर. एक लाकडाचा ठेकेदार येऊन गावात चहा पिऊन गेला. राईतली चार सुकलेली झाडं द्या, म्हणाला, देवळाला हातभार लावतो. बैठकीत गावाने साफ नाही म्हटलं. पलीकडच्या गावाने अशीच चार झाडं दिली होती. आज त्यांचं देऊळ कसं गुळगुळीत झालंय, आणि बायका चैत्रात टँकरसमोर भांडतात. आमची विहीर राईच्या पायथ्याला आहे आणि कधी आटलेली नाही. राई गेली की पाणी गेलं, हे शेंबड्या पोरालापण कळतं. म्हणून राईकडे टक लावून बघणारा जो तो आम्हाला ठेकेदाराचाच माणूस वाटायचा.

आणि हा बाबल्या सकाळी बसला की दिवस मावळेपर्यंत बघत बसायचा! अंगठा पुढे धरून, एक डोळा मिटून झाडं मोजल्यासारखं करायचा. कुठलं झाड कुठलं, ते माझ्याकडून काढून घ्यायचा.

"वैनी, तो वाकडा ऐन ना?"

"तुला काय करायचंय?"

"आणि हा किंजळ. ह्याच्या ढोलीत ते मोठ्या चोचीचं ककणेर बसतं बघा."

"बसू दे. त्याचं घर आहे."

मी एकदा म्हटलं, इथे फार बसू नको, मागल्या अंगाला बिबटिणीने पिल्लं घातलीत. आषाढात आमच्या ह्यांनीच गावाला सांगितलं होतं, की मागल्या वाटेने कोणी जाऊ नका. तेव्हापासून त्या बाजूला चिटपाखरू फिरकलं नव्हतं. बाबल्या म्हणाला, "बिबटीण असती तर माकडं एवढी निवांत उवा काढत बसली नसती, वैनी." घ्या! आमच्या मालकांना खोटं पाडायला निघाला. माझा संशय तिथे पक्का झाला.

मग एका सकाळी नितेश धावत आला. राईच्या कडेच्या झाडांवर लाल रंगाने आकडे घातले होते. ठेकेदार असेच आकडे घालतात, कापायच्या झाडांवर. गावात लाल रंग कोणाकडे? मी तडक पडवीत गेले आणि ट्रंक उघडली. लाल रंगाचा डबा अगदी वरच होता.

मी ह्यांना सांगितलं. हे पूजेचं तबक घासत होते. हात थांबला. म्हणाले, "हाकल त्याला. आजच्या आज."

मला इतका आनंद झाला! सगळ्या संसारात आमचे हे एका बोलण्यात माझ्याशी सहमत झाल्याचं मला आठवत नाही.

सहाणेवर गाव जमलं. बाबल्याला मध्ये उभा केला. तो म्हणाला, "माझा रंग पावडरचा आहे, सरसात कालवलेला. पाणी लावलं की सुटतो. झाडावरचा तेलाचा आहे. बघा लावून." मी पुढे झाले, बोट ओलं केलं आणि त्याच्या डब्याच्या काठावर घासलं. बोट लाल झालं. झाडावर घासलं, काही नाही. लोक म्हणाले, पेंटर सुटला. मी म्हटलं, "अरे, लबाड माणूस दोन डबे ठेवतो!" आमचे हेपण म्हणाले, "हो, हो, दोन डबे." पण नितेश अडून बसला. म्हणाला, पडदा अर्धा झालाय, तो पुरा होऊ दे, मग काय ते बघू. बाबल्या हात जोडून म्हणाला, "वैनी, हा पडदा बहुतेक माझा शेवटचा. आता कोण हाताने काढून घेतो? एवढा पुरा करू द्या." मी म्हटलं, कर. पण माझी नजर आहे तुझ्यावर.

त्या दिवसापासून तो पडवीत चित्र काढायचा आणि मी समोर बसून तांदूळ निवडायची. निवडलेले परत निवडायची. कापड भिंतीकडे तोंड करून टांगलेलं आणि तो त्याच्या आत घुसलेला. खेळाच्या दिवसाआधी पडदा उघडा करायचा नाही, असा मंडळाचा नियम. मला काही दिसत नव्हतं, त्याचे पाय तेवढे दिसायचे.

नमनाच्या दिवशी दुपारी देवळापुढे मंडप घातला आणि पडदा बांधायला काढला. सगळं गाव बघायला आलं. दोरी सोडली, कापड खाली आलं आणि अगो बाई! बर्फ नाही, हंस नाही. आमची राई! लोक उठूनच उभे राहिले.

"तो बघा वाकडा ऐन!"

"ही सुरंगी, माझ्या बयेच्या वेणीतली!"

"अरे, ककणेर पण काढलंय, ढोलीतून चोच बाहेर!"

म्हाताऱ्या बायांनी तर पडद्यालाच हात जोडले. मला स्वतःला भरून आलं, खोटं कशाला बोलू. जन्म गेला ह्या झाडांसमोर, पण अशी बघितली कधीच नव्हती. बघणार कशी? राईसमोर उभं राहिलं की आम्ही डोळे मिटतो.

तेवढ्यात गंगुबाई पुढे सरकली. गावातली सगळ्यात म्हातारी, मोतीबिंदू काढून आलेली. तिने पडद्यावर बोट ठेवलं. "पेंटर, हे काय रे? राईच्या पोटात आभाळ?"

सगळ्यांनी पाहिलं. पुढची झाडं दाट होती, पण त्यांच्या बुंध्यांच्या मधून, अगदी आतून, पिवळा उजेड येत होता. मोठा, मोकळा. संध्याकाळचा.

"चुकलंय," कोणी तरी म्हणालं. "राईच्या आत काळोख असतो. दिवसापण काळोख."

बाबल्या म्हणाला, "दिवस कलला की असाच उजेड येतो आतून. मला वाटलं तुमची राई अशीच आहे. मी आहे तसं काढलं."

"खोटं आहे!"

कोण ओरडलं म्हणून मी वळून बघितलं. आमचे हे! चेहरा लाल, हातात तोरणं कापायचा कोयता. "देवीची राई विद्रूप केलीय ह्याने! फाडा तो पडदा!" आणि खरोखरच पडद्याकडे निघाले. नितेशने त्यांचा हात धरला म्हणून बरं.

मी तिथेच उभी राहिले. ह्या माणसाने घरात कधी ताट आपटलं नव्हतं. तो एका चित्राला घाबरला?

मग एकेक आठवायला लागलं. बिबटीण कोणी पाहिली? ह्यांनीच. लाल आकडे दिसले तेव्हा पेंटरला हाकल कोण म्हणालं? हेच. आणि श्रावणात ह्यांच्या सदऱ्यावर चिकाचे डाग पडले होते, ते काढता काढता माझे हात सोलले. मी विचारलं तर म्हणाले, काजूचा डिंक लागला. मी मान डोलावली. श्रावणात काजूच्या बागेत कोण जातं? दूधवाल्याला, डॉक्टरला, साऱ्या दुनियेला मी दोनदा तपासलं आणि ह्यांना एकदाही नाही. असा संताप आला मला, आधी ह्यांचा आणि मग माझा.

मी म्हटलं, "आत जाऊन बघूया."

राईत आत? बाईने? नितेश म्हणाला, "काकी, कौल घ्यायला हवा."

कौल म्हणजे देवीच्या पाषाणावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या लावायच्या आणि विचारायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळ्या लावायचा मान पाळीवाल्याचा. हे आत गेले, पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. आम्ही दारातून बघत होतो. उजवी पाकळी त्यांनी अंगठ्याने दाबून दाबून बसवली. डावी नुसती टेकवली.

डावी पडली.

"देवी नको म्हणते," हे म्हणाले.

"देवी म्हणते की तुमचा अंगठा?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तेवढ्याने मला सगळं कळलं. पण मला एकटीला कळून काय उपयोग? माझ्या एका शब्दाने राई वाचणार होती आणि त्याच शब्दाने माझं घर उघड्यावर येणार होतं. गप्प बसले असते तर कोणाला पत्ताही लागला नसता. पेंटर चुकला असं म्हणून गाव नमन बघायला बसलं असतं. हेपण डोळ्यांनी मला तेच विनवत होते. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि सहाण ओलांडली.

"गोदा!" हे मागून ओरडले. मी थांबले नाही. मग मागे पावलं वाजली. आधी गंगुबाईची काठी, मग सगळं गाव.

थोडं आत गेलो आणि काळोख संपला. समोर माळच होता. खोडंच खोडं, काही जुनी काळी पडलेली, काही अजून पांढरट. मागल्या वाटेवर ट्रकच्या चाकांचे चर. कडेची हिरवी झाडं तेवढी भिंतीसारखी उभी ठेवलेली, आम्हाला बाहेरून दिसावीत म्हणून, आणि आता त्यांच्यावरही लाल आकडे घातलेले. बाबल्या माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्यालाही धक्का बसला होता. "वैनी, मला हे माहीत नव्हतं हो," म्हणाला. "मी फक्त उजेड बघितला."

मी वळले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "इथे आत यायचा मान एकाच घराला आहे. माझ्या. आता कोणाला विचारायचं ते विचारा."

हे खोडावरच बसले आणि लहान पोरासारखे रडले. ठेकेदाराने आधी चारच झाडं मागितली. नव्या देवळाच्या पायरीवर तुमचं नाव कोरू, म्हणाला, मोठ्या अक्षरात. जन्मभर देवीची भांडी घासली पण नाव कुठे नव्हतं, त्याची ह्यांना भूल पडली. चारांनंतर पाचवं मागितलं. नाही म्हणाल तर गावाला सांगतो म्हणाला. पावसाच्या आवाजात करवत ऐकू येत नाही, आणि बिबटिणीचं नाव काढलं की कोणी फिरकत नाही.

त्या दिवशी नमन झालं नाही. नितेशने पडद्याचा आणि त्या माळाचा फोटो शेजारी शेजारी ठेवून मुंबई मंडळाच्या फोनवर पाठवला. तिथल्या लोकांनीही बघितलं. ज्यांना शिखर हवं होतं तेच म्हणाले, देऊळ राहू दे जुनंच. वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला, ठेकेदार गाव सोडून पळाला. लाल आकडे घातलेली झाडं मात्र उभी राहिली. ती आजपण आहेत. पाळी आमच्या घराकडून गेली. ते बरोबरच झालं, पण पूजेचं तबक न्यायला माणूस आला तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन पदर तोंडात कोंबला.

आता गावाने नवी रीत घातली आहे. दरवर्षी नमनाआधी पडदा सहाणेवर नेऊन उघडायचा, दिवस कलेपर्यंत थांबायचं आणि डोळे उघडे ठेवून राईशी जुळवून बघायचा. नितेश पहिल्याच वर्षी बाबल्याला म्हणाला होता, "पेंटर, ते आभाळ बुजवून टाका, झाडं काढा तिथे. बघवत नाही." बाबल्या म्हणाला, "झाडं आली की काढीन." म्हणून तो दरवर्षी मांडवीहून येतो, माझ्याच पडवीत उतरतो, आणि राईत जेवढं हिरवं वाढलं असेल तेवढंच हिरवं पडद्यावर भरतो. एक पान जास्त नाही.

आणि आमचे हे? त्या माळावर गावाने रोपं लावली. त्यांना पाणी घालायचं काम ह्यांनी आपण होऊन मागून घेतलं. रोज विहिरीवरून कळशी भरून नेतात. घरात आमचं बोलणं बेतास बात. मी जेवायला वाढते, हे जेवतात. कळशी घेऊन बाहेर पडले की मी थोडं अंतर ठेवून मागे जाते. पाणी खरंच रोपांना घालतात की आणखी कुठे जातात, ते बघायला. एकदा फसलेली बाई आहे मी.

यंदा पडदा उघडला तर गंगुबाईने परत बोट ठेवलं. उजेडाच्या जागी हिरवी रोपं आणि त्यात एक वाकलेला म्हातारा, हातात कळशी. मी बाबल्याला खडसावलं, "मेल्या, जंगलाच्या पडद्यात ह्यांना कशाला काढलंस?"

"आहेत म्हणून."

मग गंगुबाईचं बोट तसंच पुढे सरकलं, वाकड्या ऐनाकडे. "आणि ही कोण गो?"

मी जवळ जाऊन बघितलं. ऐनाच्या आडून एक बाई डोकावत होती. लुगडं माझंच होतं.